मधोमध तबक घेतलेली बाई

आमच्या गावाचा इतिहास साडेचार पानांचा आहे आणि त्यातली अडीच पानं मोघेकाकांबद्दल आहेत. गाव म्हणजे मंगफ. कुवेत शहरातून तीस नंबरच्या रस्त्यानं दक्षिणेला निघालं आणि समुद्राच्या बाजूला एकाच मातकट रंगाच्या इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या दिसल्या, की समजायचं, आलं आपलं घर. चौथ्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मी तिथे वाढले. ती साडेचार पानं आमच्या चार इमारतींच्या मराठी मंडळाच्या दशकपूर्ती स्मरणिकेत आहेत. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, मागच्या पानावर दाताच्या डॉक्टरची जाहिरात. इतिहासाचं पहिलं वाक्य असं: ‘या ओसाड वाळूत मराठी माणसाने पहिले पाऊल ठेवले, तेव्हा येथे काहीही नव्हते.’ हे वाक्य मी पंधराव्या वर्षी, नऊवारी नेसून, माइकसमोर हसऱ्या चेहऱ्यानं वाचलं आहे. ते मी का वाचलं, एवढंच या प्रकरणात सांगायचं आहे. सत्ताविसाव्या वर्षी आठवणी लिहायला बसू नये असं म्हणतात. साठीपर्यंत थांबले तर मलाही सगळं गोड गोड आठवायला लागेल, मोघेकाकांना आठवतं तसं. ती जोखीम मला घ्यायची नाही.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक हॉल आणि एसीची अखंड घरघर. ती इतकी अंगवळणी पडलेली, की वीज गेली तर शांततेनंच दचकायला व्हायचं. खिडकीच्या फटींना बाबांनी चिकटपट्टी लावली होती, तरी धुळीचं वादळ आलं की सकाळी पोळपाटावर बोटानं नाव लिहिता यायचं. दक्षिणेचा वारा सुटला की मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीचा वास थेट स्वयंपाकघरात, आणि आई तेवढ्यात फोडणी टाकायची, म्हणजे निदान आपला वास वर राहील. शुक्रवारी सकाळी बाबा कोपऱ्यावरच्या बेकरीतून गरम खुबूस आणायचे आणि आम्ही ते पिठल्यात बुडवून खायचो. खाली हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, मोटारी धूत असायचा. समोरच्या मशिदीतली अजान आणि आमच्या कुकरची शिट्टी यांची गाठ रोज पडायची आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. हे सगळं मला आवडायचं. अजूनही आवडतं. गावाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्या गावात राहून गावाकडे एकदाही नीट न बघणाऱ्या लोकांशी.

त्या लोकांची उतरंड होती. बँकवाले वर, त्यांच्याखाली आयटीवाले, मग बाबांसारखे अकाउंट्सवाले. अमुक कोण, हे विचारण्याआधी तो कुठल्या कंपनीत, हे विचारायचे. आणि या उतरंडीच्या बाहेर, मराठीच बोलणारे पण मंडळाच्या यादीत कधीच नसलेले, रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे मुसलमान. कोकम त्यांच्या दुकानातून, ब्लाउज त्यांच्याकडून शिवून, गावी पाठवायचं सामान त्यांच्या कार्गोतून, मासळी त्यांनी साफ करून दिलेली. सगळं चालायचं. ‘आपल्यातले’ म्हणायची वेळ आली की मात्र घसा बसायचा. नंतर भारतात येऊन मी घरकामगार बायकांच्या संघटनेत काम करायला लागले, पत्रकं लिहायला शिकले, तेव्हा बरोबरच्या लोकांना वाटायचं की हे सगळं मी इथे शिकले. नाही हो. मी शिकून आले होते. मंगफला.

सकीना आपा शेजारच्या अबू हलीफात राहायची, तळमजल्यावर. मूळची श्रीवर्धनकडची. नवरा इब्राहिमचाचा एका कंपनीत मंदूब होता, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद घेऊन फिरणारा माणूस. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कसा लागतो, बताका, म्हणजे ओळखपत्र, कधी मिळतो, कुठल्या खिडकीवर कुठला साहेब हसतमुख असतो, हे सगळं त्याच्या डोक्यात. मंडळातल्या पहिल्या दहा-बारा घरांचे कागद त्यानंच मार्गी लावले आणि त्यातली निम्मी घरं स्वतःचा फ्लॅट मिळेपर्यंत आपाच्या हॉलमध्ये झोपली. आम्हीही. बावीस दिवस. आई तेव्हा मांसमच्छी खात नव्हती. आपानं दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा तवा आणला, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला आणि आईला सांगितलं, हा तुझा, याला दुसरं काय लागायचं नाय. तो तवा आम्ही गेल्यावरही त्या घरात होता. पुढच्या शाकाहारी बाईसाठी.

पहिलं हळदीकुंकू झालं तेही तिथेच, कारण अकरा बायका मावतील असा हॉल तेव्हा दुसऱ्या कुणाकडे नव्हताच. मोघेकाकू त्या वेळी दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर फ्लॅट वाटून राहात होत्या, हे त्या आता विसरल्या आहेत. हळद घरोघरी होती, कुंकू मात्र कुणाकडेच पुरेसं नव्हतं. आपानं फहाहीलच्या बाजारात एका गुजराती दुकानदाराला गाठून डबी आणली. तिळाचे लाडू तिनं वळले, वाण म्हणून स्टीलच्या छोट्या वाट्या तिनं निवडल्या आणि हळदीकुंकवाचं तबक हातात धरून मधोमध बसायला बायकांनीच तिला भरीला पाडलं. इब्राहिमचाचानं फोटो काढला. गालिचावर अकरा बायका, मध्ये तबक घेतलेली आपा, मागच्या भिंतीवर मक्केची चौकट, एका कोपऱ्यात, बाजूच्या भिंतीला लागून, जुना पेटीएवढा टीव्ही. आई डावीकडून तिसरी. इतकी मोकळी हसलेली आई मी दुसऱ्या कुठल्याच फोटोत पाहिलेली नाही.

दहा वर्षं झाली आणि मंडळाला इतिहासाची हौस आली. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या पिढीत न अडखळता देवनागरी वाचणारं पोर मी एकटी. आई रोज एक पान शुद्धलेखन घालायची. मोघेकाकांचा मुलगा ‘नमस्कार मंडळी’सुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहून घ्यायचा आणि तरी त्याच्या उच्चाराला टाळ्या पडायच्या. मी वही घेऊन सरळ आपाकडे गेले. तिच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. चाचाचं वय झालं होतं, कंपनी त्याचा इकामा पुढे वाढवणार नव्हती. कार्यक्रमानंतर तिसऱ्या आठवड्यात दोघं कायमची गावाला जाणार होती. म्हणून मी घाईनं विचारत सुटले आणि ती दोघं सावकाश सांगत राहिली. आता जिथे मॉलचं पार्किंग आहे तिथे समुद्राचं पाणी यायचं. मासे धरायच्या तारेच्या पिंजऱ्यांचे ढीग किनाऱ्यावर असायचे आणि म्हातारे कुवेती नाखवे चाचाशी मुंबईच्या बंदराबद्दल हिंदीत बोलायचे, कारण त्यांच्या तरुणपणी त्यांची गलबतं आपल्याच किनाऱ्याला लागायची. मग इराकचा हल्ला. बसमध्ये बसून वाळवंटातून अम्मान, तिथून विमानानं मुंबई, अंगावरच्या कपड्यांनिशी. परत आले तेव्हा तेलविहिरी जळत होत्या, भरदुपारी दिवे लावायला लागायचे आणि दोरीवरची धुतलेली चादर काळी होऊन आत यायची. मी लिहीत होते आणि मला पहिल्यांदाच वाटत होतं की मी कुठल्यातरी गावची आहे.

निघताना आपानं विचारलं, “माझं नाव येल ना गो पुस्तकात?”

मी म्हटलं, येणारच.

“तसं नाय. नीट सांग. बताका इथं परत देऊन जायचा हाय मना. घर भाड्याचं. पोरां इथं झाली, तीबी इथली नायत. गावात कुनी इचारलं, तीस वर्सां कुठं होतीस, तर दाखवू काय मी?”

मी तिला वचन दिलं. नुसतं छापून येईल असं नाही, स्टेजवरून मी तुमचं पूर्ण नाव घेईन, सकीना इब्राहिम बोर्लीकर, तुम्ही पुढे बसा. पंधरा वर्षांच्या मुलीकडे द्यायला दुसरं काय असतं.

माझा मजकूर बारा पानांचा झाला. शुक्रवारी दुपारी मोघेकाकांच्या हॉलमध्ये समितीची बैठक होती. साबुदाणा वडे, चहा आणि माझी पानं. मोघेकाका मोठ्या बँकेत मोठ्या खुर्चीवर होते आणि घरातही त्याच खुर्चीवर बसल्यासारखे बसायचे. त्यांनी मजकूर छान आहे म्हणून सांगितलं आणि मग तो कापायला घेतला. नाखवे गेले, कारण ते मराठी नव्हते. हल्ला गेला, कारण कार्यक्रम सांस्कृतिक होता. मग आपाचं पान आलं आणि सगळे एकदम सभ्य झाले. कुणीही वाईट बोललं नाही. ते बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. मोघेकाका म्हणाले की माझा विरोध नाही, उलट मी त्यांच्याच भल्याचं बघतोय. मुसलमान देशात मुसलमान बाईनं हळदीकुंकू केलं असं छापलं तर त्रास कुणाला होईल? त्यांनाच. किती काळजी. जी बाई तीन आठवड्यांत देश सोडून जाणार होती, तिला वाचवण्यासाठी तिचं नाव काढायचं होतं. चौगुलेकाका, आयटीतले, म्हणाले की भारतातून पाहुणे येणार आहेत, कशाला प्रश्न. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी घसा खाकरला आणि तोडगा काढला. नुसतं ‘सौ. बोर्लीकर’ छापू या. आडनाव आपल्यासारखंच आहे, कुणाला काय कळतंय. हे बोलून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मोठी लढाई जिंकून दिली. आज इतक्या वर्षांनी त्या संपूर्ण बैठकीत मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या तोडग्याची. मोघेकाका निदान सरळ पुसत होते. बाबा तिला आमच्यासारखी दिसेल इतकीच ठेवत होते.

मी म्हटलं, असं असेल तर मी वाचणार नाही. मोघेकाकू वड्यांची प्लेट पुढे करत म्हणाल्या, अगं नको वाचूस, पुण्याहून माझी भाची आली आहे, ती वाचेल, तिचा आवाजही गोड आहे. बस. एवढंच लागलं. माझा सगळा बाणा साबुदाण्याच्या वड्याबरोबर खाली गेला. कारण खरं सांगायचं तर मला तो माइक हवा होता. नऊवारी शिवून आली होती. मी स्वतःला समजावलं की मला दिलेला कागद वाचेन आणि मध्येच नाव घेईन, माइक तर माझ्या हातात असणार. पुढे संघटनेत मी अशी बरीच माणसं पाहिली, की जी आत शिरून बदल करणार असतात. त्यांना मी एका नजरेत ओळखते.

कार्यक्रम एका भारतीय शाळेच्या हॉलमध्ये होता. बाहेर धूळ, आत अत्तर आणि मसालेभाताचा वास. आपा सातव्या रांगेत बसली होती, पुढे ये म्हटलं तरी आली नव्हती. काळा अबाया, आणि त्यावर खांद्याला आईनं कधीतरी भेट दिलेली पिस्त्याच्या रंगाची शाल. चाचा शेजारी, इस्त्रीच्या शर्टात. मी वाचायला लागले. ओसाड वाळू, पहिलं पाऊल, काहीही नव्हतं. मग ते वाक्य आलं: ‘मंडळाचे पहिले हळदीकुंकू सौ. मोघे यांच्या पुढाकाराने संपन्न झाले.’ इथे थांबायचं असं मी ठरवलं होतं. थांबलेसुद्धा. समोर बाबा अंगठ्यानं ठीक चाललंय अशी खूण करत होते. मोघेकाकू पहिल्या रांगेत पदर सावरून उठायच्या तयारीत होत्या, टाळ्या घ्यायला. आपा थोडी पुढे झुकली होती. कानात जीव आणून ऐकणारा माणूस झुकतो तशी. मी पुढचं वाक्य वाचलं. टाळ्या वाजल्या. आपानंही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

नंतर स्मरणिका वाटायला मलाच टेबलावर बसवलं. रांग लागली होती आणि मी मान खाली घालून एकेक प्रत देत होते. तेव्हा मी ते पान पहिल्यांदा उघडलं. फोटो अर्ध्या पानाचा होता. चौगुलेकाकांनी कॉम्प्युटरवर मक्केची चौकट पुसून तिथे झेंडूचं तोरण चिकटवलं होतं, भिंतीच्या मधोमध, कशालाही न बांधलेलं. आपाला कापता आलं नव्हतं, ती नेमकी मध्ये होती, तिच्या तबकात दोन्हीकडच्या बायकांचे हात होते. मग खाली सगळ्यांची नावं डावीकडून उजवीकडे लिहिली होती आणि शेवटी कंसात: ‘मध्यभागी तबक घेतलेली: मदतनीस’. तडजोडीतलं ‘सौ. बोर्लीकर’सुद्धा नाही. मदतनीस. तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या स्वतःच्या गालिचावर.

आपाची पाळी आली. मी प्रत पुढे केली. तिनं तिथेच उघडली. तिला मराठी सावकाश वाचता यायचं. तिचं बोट एकेका नावावरून सरकत शेवटाला गेलं आणि तिथे बराच वेळ राहिलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मग तिनं पान डोळ्यांजवळ नेलं आणि हसली.

“ह्यांच्या अकला,” ती म्हणाली. “टीव्ही इसरले.”

बंद टीव्हीच्या काळ्या काचेत मक्केची चौकट दिसत होती. उलटी, बारकी, पण पुरती. भिंतीवरून पुसली होती, काचेतली राहिली होती. आयुष्यभर कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसांना ती दिसली नव्हती.

आपानं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं, माझ्यासमोर. “पेन हाय ना तुझ्याकडं? लिही.”

मी मदतनीस खोडलं आणि तिचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर वाईट आलं. तिनं ती प्रत पिशवीत ठेवली आणि मला वाटलं, संपलं. ती टेबलाच्या कडेला सरकून तिथेच उभी राहिली.

“आता फुडची.”

“आपा, रांग आहे.”

“असू दे की. रांगेतल्या सगल्या माझ्या घरात जेवल्यात. थांबतील.”

आणि ती उभी राहिली, शाल नीट करून, पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला आलेल्या यजमानिणीसारखी. मी पुढची प्रत घेतली, खोडलं, लिहिलं, दिली. पुढची. पुढची. ज्या बायकांना प्रत मिळत होती त्या पान बघायच्या, आपाकडे बघायच्या आणि काहीतरी अचानक आठवल्यासारख्या मसालेभाताकडे निघून जायच्या. फोटोतल्या दोघी होत्या त्यांत. एकीनं आपाला, तब्येत कशी आहे, असं विचारलं. आपा म्हणाली, मदतनिसाची कशी असनार. मागून मोघेकाकूंचा आवाज येत होता, काय चाललंय तिथे, का थांबलंय. मी तेवीस प्रती केल्या. तेव्हा मोजल्या नव्हत्या; पाहिलेलं प्रत्येक तोंड लक्षात आहे, त्यावरून सांगते.

चोविसावी आई होती. मी तिची प्रत उघडली आणि पेन टेकवणार, तेवढ्यात आईनं पानावर पंजा ठेवला. पूर्ण पंजा, फोटो झाकला जाईल असा.

“माझ्यात नको,” ती हळू आवाजात म्हणाली. “आपल्याला इथेच राहायचंय.”

आपा हातभर अंतरावर होती. तिनं ऐकलं. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही, पान मिटलं आणि प्रत पर्समध्ये घातली. आपानं शाल सावरली. मग चाचाला म्हणाली, चला, आणि दोघं निघून गेली. जेवायला थांबली नाहीत. मी पेनाला टोपण लावलं. उरलेल्या प्रती मोघेकाकूंनी वाटल्या, छापल्या होत्या तशा. तीन आठवड्यांनी आपा गेली तेव्हा तिला निरोप द्यायला आमच्याकडून कुणी गेलं नाही. बाबांना मीटिंग होती. आईचं डोकं दुखत होतं. मला शाळा होती. सगळ्यांची कारणं खरी होती.

आई-बाबाही आता कायमचे परत आले आहेत. इकामा त्यांचाही कधीतरी संपायचाच होता. मोघे टोरांटोला गेले, तिथे नवं मंडळ काढलंय म्हणे. तिथेही आधी काही नसेलच. गेल्या महिन्यात पुण्याच्या घरी आईच्या कपाटात मला तिची स्मरणिका सापडली, साड्यांच्या खाली, कोरी करकरीत. त्या पानावर तोरण अजून हवेत लटकतंय. मी जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडलं, खोडलं आणि लिहिलं. या वेळी अक्षर चांगलं आलं. आई समोर बसून शेंगा सोलत होती. तिनं हात मध्ये घातला नाही. लिहून झाल्यावर मी पान तिच्याकडे फिरवलं. तिनं चष्मा लावला, वाचलं, आणि विचारलं की तो लाल दोऱ्याचा तवा आपानं जाताना नेला असेल का गं. मी म्हटलं, मला काय माहीत, तू विचारायचं होतंस. ती परत शेंगा सोलायला लागली.